झाडपाल्याचं जंतऔषध आणि लेंड्यांचा हिशोब

शेळ्यांच्या जंतावर झाडपाला चालतो का असं कोणी विचारलं की माझं उत्तर लांबतं, कारण नुसतं हो म्हटलं तर खोटं आणि नुसतं नाही म्हटलं तरी खोटं. म्हणून एकदा सगळं लिहूनच काढतो, काय काय दिलं, कशाने फरक पडला आणि कशाचा नुसताच बोलबाला आहे.

झाडपाल्याकडे मी हौस म्हणून वळलो नाही. आम्ही वर्षानुवर्षं पांढरं औषध, म्हणजे अल्बेंडाझोल नाहीतर फेनबेंडाझोल, पाजत आलो होतो. पावसाळ्याआधी एकदा, नंतर एकदा, मध्येच कोणाला हगवण लागली की परत एकदा. तरी पावसाळा सरता सरता काही शेळ्या अशा व्हायच्याच की खातायत भरपूर पण अंगाला काही लागत नाही, केस राठ आणि उभे, जबड्याखाली सूज येऊन पाण्याने लोंबतंय. जनावरांच्या डॉक्टर मॅडमना दाखवलं तर त्या म्हणाल्या, औषध बदलायच्या आधी ते लागू पडतंय का ते तर बघू. पाजायच्या दिवशी लेंड्या आणा आणि दहा ते चौदा दिवसांनी त्याच शेळ्यांच्या परत आणा. औषध चांगलं चालत असेल तर जंतांची अंडी ९५ टक्क्यांहून जास्त कमी व्हायला पाहिजेत. आमच्याकडे निम्मीसुद्धा झाली नाहीत. म्हणजे इतकी वर्षं आम्ही औषध पाजत होतो आणि जंत ते पचवत होते.

यात जगावेगळं काही नाही म्हणे. या जातीचं पहिलं औषध, थायाबेंडाझोल, १९६१ ला आलं आणि १९६४ पर्यंत त्याला न जुमानणारे जंत सापडलेसुद्धा. शेळीच्या बाबतीत अजून एक भानगड आहे, शेळीचं शरीर ही औषधं मेंढीपेक्षा लवकर पचवून बाहेर टाकतं, त्यामुळे बाटलीवरचा मेंढीचा डोस बघून पाजलं की शेळीला कमी पडतं आणि अर्धवट डोसात जे जंत जगतात तेच पुढची पिढी घालतात. शेळीला काही औषधं दीडपट तर काही दुप्पट लागतात, पण ते कुठलं किती हे डॉक्टरांनीच सांगायचं, कारण लेव्हामिसोलसारख्या औषधात पुरेसा डोस आणि विषारी डोस यात फार अंतर नाही, आणि अल्बेंडाझोल गाभणपणाच्या पहिल्या महिन्यात द्यायचंच नाही.

तर असं सगळं झाल्यावर आप्पा म्हणाले, सोड ते बाटल्यांचं, पळसपापडी, म्हणजे पळसाचं बी, दे. आप्पा म्हणजे आमच्या शेजारचे, उभा जन्म शेळ्यांमागे गेला, झाडाचं पान नुसतं चुरगाळून वासावर ओळखतात. त्यांचं म्हणणं सरळ होतं. "अरे, काढा पाजला की दुसऱ्या दिवशी लेंड्यात जंत पडलेले डोळ्यांनी दिसतात, अजून काय पुरावा पाहिजे तुला?"

खरी मेख या वाक्यात आहे. लेंड्यांवर भाताच्या शितासारखे जे पांढरे तुकडे दिसतात ते मोनिझिया नावाच्या पट्टकृमीचे. हा दिसायला लांबलचक, भीतीदायक, पण मोठ्या शेळीला त्याचा तसा फार त्रास नसतो, लहान करडांना खूप झाला तर वाढ खुंटते. शेळी मारणारा जंत वेगळाच आहे. त्याचं नाव हिमॉन्कस कॉन्टॉर्टस, राहतो चौथ्या पोटात, लांबी दोन-तीन सेंटीमीटर, जाडी दोऱ्याइतकी, आणि काम एकच, रक्त पिणे. एक जंत दिवसाला साधारण ०.०५ मिली रक्त घालवतो. ऐकायला काहीच वाटत नाही, पण पाच हजार जंत असले की रोजचं पाव लिटर झालं. हा जिवंतपणी सहसा लेंडीतून खाली येत नाही आणि मेला तर वाटेत आतड्यातच पचून जातो, त्यामुळे लेंड्यांत डोळ्याला दिसत नाही. दिसतात ती फक्त त्याची अंडी, तीही मायक्रोस्कोपखाली. एक मादी दिवसाला पाच ते दहा हजार अंडी घालते. म्हणून मी आप्पांना म्हटलं, तुम्ही सांगाल ते देतो, पण बघणार मायक्रोस्कोपमधून.

मायक्रोस्कोप जुना, कॉलेजच्या मुलांचा असतो तसला घेतला आणि मॅकमास्टर स्लाइड नावाची एक खास काच मागवली. मोजायची पद्धत मॅडमनी शिकवली ती नीट लिहितो कारण यावाचून बाकी सगळं हवेतल्या गप्पा आहेत. लेंड्या जमिनीवरून उचलायच्या नाहीत, ग्लोव्ह घालून बोटाने थेट आतून काढायच्या, नाहीतर कुठल्या शेळीची कुठली कळत नाही आणि मातीतले मोकळे फिरणारे बारीक जंत त्यात चढतात. लगेच मोजायच्या नसतील तर फ्रीजमध्ये ठेवायच्या, बर्फाच्या कप्प्यात नाही, कारण उन्हाळ्यापावसाळ्याच्या उबेत दिवसभरात अंडी फुटून अळ्या व्हायला लागतात आणि मग मोजायला काही उरत नाही. मीठ पाण्यात टाकत ढवळत राहायचं, तळाशी मीठ विरघळायचं थांबलं की पाणी तयार. २ ग्रॅम लेंड्या वजन करून घ्यायच्या, २८ मिली त्या मिठाच्या पाण्यात पूर्ण कुस्करायच्या, गाळणीतून गाळायचं, लगेच ढवळून ड्रॉपरने काचेचे दोन्ही खाने भरायचे, बुडबुडा राहू द्यायचा नाही. मग पाच मिनिटं काच तशीच ठेवायची. जड मिठाच्या पाण्यात अंडी तरंगून वरच्या काचेला लागतात आणि घाण खाली बसते. मग रेघांच्या आत दिसतील तेवढी मोजायची, दोन्ही खान्यांची बेरीज करायची आणि ५० ने गुणायचं. का ५०, तर दोन्ही खान्यांच्या रेघांच्या आत मिळून ०.३ मिली मावतं आणि त्यात लेंडी आली ०.०२ ग्रॅम, म्हणून एका ग्रॅमचा हिशोब लावायला पन्नासपट.

पहिल्या पहिल्यांदा हवेचे बुडबुडेच अंडी वाटतात. बुडबुड्याची कड काळीकुट्ट जाड असते आणि आत काही नसतं. जंताचं अंडं लांबट गोल, साल एकदम पातळ आणि आत करड्या गोळ्यांचा घोस. मोनिझियाचं अंडं तिकोनी-चौकोनी, त्याच्यापेक्षा खूप बारीक गोल दिसतात ते कॉक्सिडियाचे, आणि ते जंत नव्हेतच, एकपेशी जीव आहेत, त्यामुळे करडांची हगवण त्याने लागली असेल तर जंताचं कुठलंही औषध, पाल्याचं काय आणि बाटलीचं काय, उपयोगाचं नाही. यकृतातल्या चपट्या जंताची अंडी या मिठाच्या पाण्यात तरंगतच नाहीत, त्यासाठी गाळ खाली बसवून बघावं लागतं, ते मी मॅडमकडूनच करून घेतो. आणि हिमॉन्कसचं अंडं आणि त्याच्या भाऊबंदांचं, ट्रायकोस्ट्रॉन्गायलसचं वगैरे, नुसतं बघून वेगळं ओळखता येत नाही, अळ्या वाढवून बघाव्या लागतात. एवढे सगळे पण आहेत. तरी अंदाजापेक्षा बरंच बरं.

दुसरी अट मी अशी घातली की निम्म्या शेळ्यांना द्यायचं आणि निम्म्यांना नाही. चारा तोच, रान तेच, गोठा तोच. गाभण आणि नुकत्याच व्यायलेल्या वेगळ्या काढल्या, कारण व्यायच्या आसपास शेळीची प्रतिकारशक्ती ढासळते आणि अंड्यांचा आकडा आपोआप चढतो, त्या मिसळल्या की सगळा गोंधळ. बाकीच्यांच्या नंबरच्या चिठ्ठ्या टाकून दोन गट केले. आप्पांना हे अजिबात पटलं नाही. "आणि ज्यांना दिलं नाही त्या मेल्या म्हणजे?" मी म्हटलं, आप्पा, मरू नाही देणार, ज्या शेळीचे डोळे पांढरे दिसतील, म्हणजे रक्त कमी होऊन पापणीच्या आतलं अस्तर पांढरं पडेल, तिला लगेच औषध आणि तिचा नंबर हिशोबातून बाद.

तर पळसपापडी. आप्पांनी बिया भिजत घातल्या, वरची साल काढली, आतला गर सुकवून कुटला, त्यात वावडिंगाची पूड आणि गूळ घालून गोळ्या वळल्या. दोन्ही जुनी, नावाजलेली जंतऔषधं आहेत, पळसबीत पॅलासोनिन असतं आणि वावडिंगात एम्बेलिन, आणि दोन्ही द्रव्यांची जंतावरची करामत प्रयोगशाळेत दिसलेली आहे. जास्त झालं तर मात्र पोट बिघडतं आणि गर्भावर परिणाम होतो म्हणून गाभण शेळीला देत नाहीत, हे आप्पांनी स्वतःच आधी बजावलं. शेळ्यांनी गुळाच्या आशेने गोळ्या खाल्ल्या. दुसऱ्या दिवशी आप्पा सकाळीच हजर, लेंड्यांवर पांढरे तुकडे, "बघ म्हणालो नव्हतो." मग मी त्यांना पलीकडच्या गटाच्या वाड्यात नेलं, जिथे काहीच दिलं नव्हतं. तिथेही तुकडे पडलेले होते. पट्टकृमीचे पिकलेले तुकडे तसेही रोज गळतच असतात, फक्त औषध न देता तिकडे कोणी वाकून बघत नाही.

अंडी मोजली तेव्हा पळसपापडीवाल्या गटाची घटली होती. चांगली घटली होती. अडचण एवढीच की दुसऱ्या गटाचीही तितकीच घटली होती, कारण मधल्या काळात पाऊस उघडला, जमीन वाळली आणि रानातून पोटात जाणाऱ्या अळ्याच कमी झाल्या. दुसरा गट नसता तर मी आज पळसपापडीचा प्रचार करत फिरत असतो. नंतर पावसात परत करून बघितलं तेव्हा औषधवाल्या गटात मोनिझियाची अंडी बऱ्यापैकी कमी दिसली, गोल जंतांची, म्हणजे हिमॉन्कस आणि त्याच्या भाऊबंदांची, तशीच. आप्पा आता करडांना पट्टकृमीसाठी पळसपापडी देतात आणि मीही त्याला नाही म्हणत नाही.

कडुनिंबाचं सगळ्यात जास्त ऐकलं होतं त्यामुळे आशाही जास्त होती. पाला रोज बांधला, शेळ्यांनी आवडीने खाल्ला, कडू असून. गोल जंतांच्या आकड्यात माझ्याकडे काही फरक पडला नाही, आणि इतरत्र झालेल्या चाचण्यांतही निकाल एकसारखे नाहीत, कुठे थोडी घट तर कुठे काहीच नाही. चारा म्हणून पाला चांगला आहे, तेवढंच. निंबोळीचं तेल पाजायचा सल्ला मिळाला होता तो मी घेतला नाही, तेल पोटात देणं आणि पाला खाऊ घालणं यात फार फरक आहे.

लसणाचं तर मी पूर्ण सोडूनच दिलं. एक तर दुधाला वास, आणि मुख्य म्हणजे कांदा-लसणातली गंधकाची द्रव्यं जास्त गेली तर लाल पेशी फुटतात. शेळी गायीपेक्षा ते जास्त सहन करते म्हणतात, पण जिचं रक्त जंताने आधीच पिऊन टाकलंय तिला रक्त कमी करणारी गोष्ट पाजायची म्हणजे उलटाच कारभार. भोपळ्याच्या बिया कुटून दिल्या, त्यातलं क्युकर्बिटिन पट्टकृमीवर चालतं अशी ख्याती, बिया पौष्टिक आहेत त्यामुळे शेळ्या खूश, अंडी जागच्या जागी. पपईच्या चिकातले एन्झाइम जंताची कातडीच पचवतात हे लॅबमध्ये दाखवलेलं आहे आणि मला त्यात खरंच दम वाटतो, पण चीक तोंडात घशात पोळतो आणि घरी काढलेल्या चिकात एन्झाइम किती हे कळायचा मार्ग नाही म्हणून शेळीच्या तोंडात घातला नाही.

हे असं का होतं ते मी मॅडमना विचारलं, लॅबमध्ये चालतं आणि पोटात का नाही. त्या म्हणाल्या, लॅबमध्ये काचेच्या बशीत जंत असतो आणि त्याच्या अंगावर थेट काढा ओततात. शेळीत आधी रुमेन, म्हणजे पहिलं मोठं पोट, लागतं, दहा-वीस लिटरचं, जिवाणूंनी खच्चून भरलेलं, तुमचा कपभर काढा त्यात गेला की पातळ तर होतोच शिवाय जिवाणू त्यातली निम्मी द्रव्यं मोडून खातात. चौथ्या पोटापर्यंत पोचतं ते काय पोचतं. त्यात परत झाड कुठल्या जमिनीतलं, पान कोवळं की जून, कुठल्या महिन्यात तोडलं, यावर आतलं द्रव्य बदलतं, म्हणजे यावेळी लागू पडलेला डोस पुढच्या वेळी पडेलच असं नाही.

फरक दिसला तो बाभळीने. आणि तिला आम्ही औषध म्हणून मोजतही नव्हतो, तो तर रोजचा चारा. बाभळीच्या पाल्यात, शेंगांत टॅनिन भरपूर असतं, तोच तुरटपणा. टॅनिन जंताला सरळ मारून टाकतं असं नाही, पण माद्या कमी अंडी घालतात, नवीन आत गेलेल्या अळ्यांना पोटात जम बसवणं अवघड जातं, आणि रुमेनमध्ये प्रथिनं टॅनिनला चिकटून पुढच्या पोटात न मोडता पोचतात, त्यामुळे शेळीला खाल्लेल्यातलं जास्त मिळतं. दुसऱ्या देशांत सेरिसिया लेस्पेडेझा नावाचा टॅनिनवाला चारा याच कामासाठी मुद्दाम लावतात आणि त्यावर बऱ्याच चाचण्या झालेल्या आहेत. मी एका गटाला फांद्या आणि वाळलेल्या शेंगा रोज गोठ्यात दिल्या, दुसऱ्याला तेवढाच दुसरा पाला, चरायला दोन्ही गट एकत्र. पहिल्या आठवड्यात काहीच नाही. मग हळूहळू शेंगावाल्या गटाचे आकडे खाली यायला लागले आणि पावसाची झड चालू असताना दुसऱ्याचे चढत होते तेव्हाही हे खालीच राहिले. शून्य कधीच झाले नाहीत. शेंगा बंद केल्या तसे काही आठवड्यांत परत वर. एकदा पाजून मोकळं व्हायची ही गोष्टच नाही, चालू आहे तोवर चालू.

पण बाभूळच बाभूळ घालूनही चालत नाही. एकूण सुक्या चाऱ्यात टॅनिन पाच-सहा टक्क्यांच्या वर गेलं की शेळी खाणं कमी करते, पचन मंदावतं, लेंड्या कडक होतात. मी शेंगा एकूण खाण्याच्या चौथ्या हिश्श्याच्या आतच ठेवल्या आणि लेंड्यांवर लक्ष ठेवलं. सुबाभळीचाही असाच विचार करतात लोक, पाला उत्तम, प्रथिनं भरपूर, पण तिच्यात मिमोसिन असतं, तिसऱ्या हिश्श्याच्या वर रोज गेलं तर केस गळतात, थायरॉइड सुजते. शेवग्याचा पाला मात्र बिनधास्त देतो, जंत मारायला नाही, तर प्रथिनांसाठी. पोट भरून प्रथिनं मिळालेली शेळी तेवढेच जंत अंगावर घेऊनही टिकते आणि उपाशी शेळी त्यातच आडवी होते, हे मी आकड्यांत बघितलंय, सारख्याच अंड्यांच्या दोन शेळ्या, एक गुबगुबीत आणि एक हाडांचा सापळा.

बाभळीचा अजून एक फायदा आहे जो टॅनिनच्या खात्यात घालता येणार नाही. जंताच्या अळ्या दवाच्या पाण्यावरून गवताच्या पात्यावर चढतात, पण जास्त वर नाही, बहुतेक सगळ्या खालच्या पाच-सात सेंटीमीटरमध्येच असतात. शेळी मान वर करून झुडपं ओरबाडते तेव्हा तिच्या पोटात अळ्याच जात नाहीत. ती मुळात झुडपं खाणारी, म्हणूनच तर तिच्या अंगात जंताशी लढायची ताकद मेंढी-गायीएवढी तयार झाली नाही, आणि आपण तिला मेंढीसारखी खुरटलेल्या गवतावर सोडतो. गरम दमट हवेत अंड्यापासून चढाऊ अळी व्हायला आठवडाभर पुरतो आणि ती शेळीच्या पोटात गेली की साधारण तीन आठवड्यांत नवीन मादी अंडी घालायला लागते. त्यामुळे आता पावसात दव वाळल्याशिवाय कळप सोडत नाही आणि गवत बोटभर राहिलं की ते रान बंद.

डोळे बघायचं आता हातातच बसलंय. शेळीला उजेडात घ्यायची, गोठ्याच्या सावलीत रंग फसवतो. एका अंगठ्याने वरची पापणी हलकी दाबून डोळा आत ढकलायचा, दुसऱ्याने खालची पापणी ओढायची, की आतलं अस्तर क्षणभर बाहेर डोकावतं. लालभडक असलं की बरं, गुलाबी चालेल, फिकट गुलाबीला शेळीच्या बाबतीत सावध, आणि पांढरंफटक म्हणजे आज, आत्ता. याचं फामाचा नावाचं एक ते पाच रंगांचं कार्ड मिळतं, दक्षिण आफ्रिकेत तयार झालेलं. फोटोवरून किंवा मोबाइलच्या स्क्रीनवर रंग बघू नका, कार्डच वापरा. आणि हे फक्त रक्त पिणाऱ्या जंताचं सांगतं, हगवण लावणाऱ्याचं नाही. गोचिडी-उवा, यकृतातला जंत यांनीही डोळे पांढरे होतातच.

डोळे पांढरे असलेल्या शेळीला मी झाडपाला देत बसत नाही. रक्त इतकं गेलेलं असताना आठवड्याने परिणाम दाखवणारी गोष्ट काय कामाची. तिला मॅडमनी ठरवून दिलेलं दुसऱ्या जातीचं औषध, वजन करून, आणि सोबत चांगलं खाणं. बाकीच्यांना नाही. कळपातले बहुतेक जंत थोड्याच शेळ्यांच्या पोटात असतात, सगळ्यांना एकदम पाजलं की उरतात ते फक्त औषध पचवलेले, आणि रानात त्यांचीच अंडी. काही शेळ्या न पाजता सोडल्या की औषधाने मरणारे जंतही रानात राहतात आणि त्यांच्यात मिसळून औषधाची धार टिकते. आमच्याकडे औषध पूर्वीच्या मानाने खूपच कमी लागतं आता, आणि दरवेळी त्याच त्याच शेळ्या पांढऱ्या निघतात. त्यातल्या दोन विकायला काढल्यात, त्यांच्या पाटी, म्हणजे मादी करडं, ठेवणार नाही.

नैसर्गिक आहे म्हणजे बाधणार नाही, हे मात्र डोक्यातून काढा. तंबाखूचं पाणी पाजणारे अजूनही भेटतात. निकोटीन आणि मोरचूद हे एकेकाळचं खरोखरचं जंतऔषध होतं, गेल्या शतकात नवीन औषधं यायच्या आधी वापरायचे, आणि जंताबरोबर जनावरंही जायची म्हणूनच मागे पडलं. सुपारीतलं अरेकोलिनही तसंच. आणि उलटं बघायचं तर बाटलीतलं आयव्हरमेक्टिन तरी कुठून आलं, मातीतल्या जिवाणूने बनवलेल्या द्रव्यापासून, त्यासाठी ओमुरा आणि कॅम्पबेलना २०१५ चं नोबेल मिळालं, आणि त्याच वर्षी त्यांच्याबरोबर तू यूयू यांना मलेरियावरच्या औषधासाठी, जे आर्टेमिसिया या झाडातून काढलं. दोन्हीत द्रव्य वेगळं काढून, मोजून, किती द्यायचं ते ठरवलेलं आहे. आपल्या काढ्यात नेमकं तेच नसतं.

काढा पाजायचाच असेल तर शेळीचं डोकं आकाशाकडे करू नका. तोंड जमिनीला समांतर, जबड्याच्या कडेच्या फटीतून नळी जिभेच्या मागपर्यंत, आणि घोट घोट, तिला गिळायला वेळ देत. ठसका लागला की लगेच मान खाली सोडायची. फुफ्फुसात गेलेला काढा जंतापेक्षा लवकर मारतो, आणि घट्ट, न गाळलेले काढे याच्यात सगळ्यात वाईट.

आता राहिलाय गाभण शेळ्यांचा गट. व्यायच्या आसपासच सगळ्यात जास्त अंडी रानात पडतात आणि तिथूनच करडांना लागण होते, त्यामुळे शेंगांचा खरा उपयोग झाला तर त्याच दिवसांत व्हायला पाहिजे असं मला वाटतं. पण पोटात करडू असताना खाणं कमी झालं तर शेळी वेगळ्याच दुखण्यात जाते. मॅडम म्हणाल्या आधी शेंगा खाणाऱ्या शेळ्यांची वजनं दाखवा, घटत नाहीत ना ते बघू, मग गाभणांचं ठरवू. त्यासाठी वजनकाटा दुरुस्तीला टाकलाय, आला की महिनाभर वजनं आणि अंडी दोन्ही एकाच वहीत. आप्पांनी शेंगा गोळा करायला घेतल्यात, पण म्हणतात त्याबरोबर गाभण नसलेल्यांचा पळसपापडीचाही एक गट ठेव, यावेळी चिठ्ठ्या मी टाकणार.